पश्मीची सोयरीक

संक्रांत मागे पडली की सुलतान बाजारात बोरांच्या हातगाड्या लागतात. गाडीवाली तेलुगूत हाळी देते, मी मराठीत भाव विचारतो आणि ती मला उर्दूत उत्तर देते. आमचा व्यवहार कित्येक वर्षे असा तीन भाषांत सुखाने चालला आहे. यंदा बोरांची पुडी हातात धरून बसची वाट पाहत उभा होतो, तेव्हा समोरून एक तरुण जोडपे गेले. त्यांच्याबरोबर एक भलामोठा केसाळ विदेशी कुत्रा होता आणि त्याला गुलाबी स्वेटर चढवलेला होता. कुत्र्याने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात मला काहीशी विनवणी दिसली. स्वेटर टोचत असावा. मला हसू आले, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ मन एका जुन्या माघात जाऊन उभे राहिले. त्या माघात आम्ही उभयता, मी आणि माझी पत्नी सुमती, आमच्या चपलेसाठी स्थळ शोधायला घराबाहेर पडलो होतो.

चपला ही आमची कुत्री. तिची जात पश्मी. मराठवाड्याच्या पठारावर शिकारी कुत्र्यांचे जे जुने वंश आहेत, त्यांत करवानी गुळगुळीत अंगाचा असतो, आणि पश्मीच्या कानांना, शेपटीला व मांड्यांना रेशमासारखी झालर असते. करवानी अजूनही बऱ्याच गावांत आढळतो. पश्मी मात्र तेव्हाच दुर्मीळ झाली होती. लांब निमुळते मुख, पोट पाठीला लागलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, आणि डोळ्यांत दूरवर पाहणाऱ्यांची असते तशी एक उदासीनता. ती बसलेली असताना कोणाला फारशी सुंदर वाटत नसे. पण पहाटे विद्यापीठामागच्या माळावर तिला मोकळे सोडले, की धुक्यातून एक पांढुरकी रेघ ओढली जाई आणि क्षणात पुसलीही जाई. ‘चपला’ हे विजेचे नाव मी तिला ठेवले ते त्या माळावर. आयुष्यभर मी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना विजेची नावे पाठ करायला लावली होती. त्यांपैकी एक नाव पायांवर उभे राहिलेले त्या पहाटे पाहिले.

ती आमच्याकडे आली ती धानोऱ्याहून. बालाघाटाच्या पठारावरचे धानोरे हे माझे आजोळ आणि सुमतीचे माहेर. माझ्या मामांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पश्मी कुत्री होती. मामांच्या मागे सुमतीच्या भावाने, वसंताने, ती काही काळ सांभाळली. मग देशात नव्या उद्योगांचे वारे सुटले, वसंताच्या मुलाला पुण्यात मोठी नोकरी लागली, आणि जमीन, घर, विहीर सगळे विकून मंडळी तिकडे गेली. जाण्यापूर्वी वसंता चपलेला घेऊन आमच्या अंबरपेठच्या घरी आला. दारातच म्हणाला, “सुमे, पुण्याच्या ब्लॉकमध्ये हिला कुठं बांधू? शेवटची आहे बघ ही. नर केव्हाच गेला.”

सुमतीने चपलेपुढे पाण्याची वाटी ठेवली आणि मग भावाला पाणी दिले. वसंता गेल्यावर ती मला म्हणाली, “अहो, माझ्या माहेरचं आता एवढंच उरलंय. हिची पिल्लं झाली नाहीत, तर हेही संपलं.”

ती एवढेच बोलली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण पुढची दोन वर्षे ती उदगीरकडून येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो भांडी विकायला आलेला असो की लग्नाची पत्रिका द्यायला, न चुकता विचारी, “तुमच्याकडं कुणाकडं पश्मी आहे का हो? नर?” कोणाकडेही नसे. चपला पाच वर्षांची झाली. कुत्रीच्या आयुष्यात ते प्रौढपण. पहिली वीण त्यानंतर अवघड होते, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. त्या हिवाळ्यात तिचा ऋतुकाल आला की तो बहुधा अखेरचाच, हे आम्ही दोघेही जाणून होतो.

माझे घर सोवळ्याचे. पहाटे स्नान, संध्या, देवपूजा, आणि मग एखाद्या जुन्या विद्यार्थ्याबरोबर पाठ. अशा घरात कुत्री येते म्हटल्यावर आमच्या आप्तांनी भुवया उंचावल्या. पूजेच्या खोलीचा उंबरा चपलेने कधी ओलांडला नाही. तिला कोणी शिकवले नव्हते, ती आपण होऊनच तिथे थांबे. पहिल्या आठवड्यात मी काहीसा संकोचून सोवळे सावरत तिच्या बाजूने जात असे. ते पाहून सुमती म्हणाली, “दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार बसलेत. त्यांना रोज फूल वाहता. ही एकटी बसली तर तिला वळसा?” दुसऱ्या दिवसापासून मी वळसा घालणे सोडले.

त्या काळात शहर आमच्या डोळ्यांदेखत पालटत होते. गच्च्यांवर उपग्रह वाहिन्यांच्या ताटल्या उगवल्या होत्या आणि प्रत्येक घरातून परदेशी गाणी ऐकू येत होती. अमीरपेठेकडे संगणकाच्या शिकवण्यांचे फलक लागले होते. नवी गाडी आली, नवा फ्रीज आला, की त्यापाठोपाठ नवा कुत्रा येई, आणि तो विलायती असला पाहिजे असा जणू दंडकच होता. त्यांचे खाणेही चकचकीत पिशव्यांतून येई. अशा कुत्र्यांना फिरवणारी मंडळी चपलेकडे पाहून हळहळत. एका बाईंनी तर आमच्या फाटकापाशी दोन पोळ्या गुपचूप ठेवल्या होत्या.

शेजारचे मुनीरभाई टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या दोघांच्या अंगणांत कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपर टेकून, चपलेकडे पाहत ते रोज विचारीत, “क्या पंडितजी, बेगम को खाना नै देरे क्या? बरगड्याँ दिखरे!”

“मुनीरभाई, तिची जातच तशी आहे.”

“हौ, मालूम है. नवाबों के घरों में रहते थे ऐसे. वो लोगाँ भी आख़िर में ऐसेच दुबले हो गए थे.” आणि आपल्याच विनोदावर ते मनापासून हसत.

कुत्र्यांच्या प्रदर्शनाची बातमीही त्यांनीच आणली. नामपल्लीच्या मैदानावर श्वानप्रेमींच्या कोणत्या तरी मंडळाने ते भरवले होते, आणि त्यात देशी शिकारी कुत्र्यांचा एक वेगळा वर्ग होता. मी म्हणालो, “आपल्याला बक्षीस घेऊन काय करायचे आहे?” मुनीरभाईंनी कपाळाला हात लावला. “अजी बक्षीस कैकू? दूल्हा देखने चलो! सब शौक़ीन लोगाँ उदर आते. पश्मी का नर होएँगा तो वहींच होएँगा.” आतून सुमती हात पुसत बाहेर आली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन चपलेचे नाव दिले.

प्रदर्शनात कुत्र्याला परीक्षकापुढे निश्चल उभे राहावे लागते, असे कळले. पश्मीला निश्चल उभे राहणे ठाऊक नसते. ती एकतर झोपते किंवा धावते. मला शिकवण्याची एकच पद्धत अवगत आहे, ती पाठांतराची. मी रोज सकाळी अंगणात उभा राहून स्तोत्र म्हणू लागलो. स्तोत्र सुरू झाले की सुमती चपलेला माझ्यासमोर उभी करी आणि ते संपले की भाकरीचा तुकडा देई. काही दिवसांत असे झाले की माझा पहिला चरण कानी पडताच चपला चारी पाय रोवून, मान उंच करून उभी राही. मला अजून वाटते, त्या अंगणात माझ्या स्वरांकडे जितके लक्ष तिने दिले, तितके फार थोड्या विद्यार्थ्यांनी दिले असेल. मुनीरभाई म्हणत, “पंडितजी, एक-दो बरस में ये आपकी चूक निकालेंगी.”

माघातल्या त्या रविवारी मुनीरभाईंनी आपली जुनी फियाट काढली. मागच्या आसनावर सुमती आणि तिच्या मांडीवर चपलेचे लांब मुख. सुमती ठेवणीतले जांभळे इरकली लुगडे नेसली होती. अशा प्रसंगी मुलीकडच्यांनी नेटके दिसावे, असे तिला वाटले असावे.

मैदानावर मंडप होता, आणि मंडपात मी कधी कल्पनाही केली नव्हती असे प्राणी होते. ठिपक्यांचे, सुरकुत्यांचे, डोळ्यांवर केस आलेले. बर्फाळ डोंगरांत राहणारा एक अवाढव्य कुत्रा दोन बर्फाच्या लाद्यांमध्ये निजला होता आणि त्याच्या नाकासमोर टेबलपंखा फिरत होता. त्याचे मालक स्वतः घामाने निथळत होते. पंख्याचा वारा त्यांच्या वाट्याला येत नव्हता. सुमती त्या कुत्र्यापाशी थांबली, “बिचारं,” म्हणाली, आणि पुढे जाताना मालकांकडे वळून पुन्हा एकदा “बिचारे” म्हणाली.

देशी शिकारी वर्गाचे रिंगण अगदी कडेला होते. तिथे मुधोळकडचे काही करवानी होते, दक्षिणेकडचे काही होते. आणि पश्मी दोनच. एक आमची चपला. दुसरा एक नर, मधाच्या रंगाचा, कानांना काळसर झालर असलेला. त्याची दोरी एका पंचेचाळिशीच्या सावळ्या बाईंच्या हातात होती. खांद्याला पर्स, पायांत कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला. सुमतीने माझ्या हाताला हात लावला.

परीक्षक सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. चपलेची पाळी आली तेव्हा मी हलक्या आवाजात स्तोत्र सुरू केले आणि ती मूर्तीसारखी उभी राहिली. परीक्षक पुढे आले, तिच्या जबड्याला हात लावायला वाकले, आणि चपला अतिशय सभ्यपणे एक पाऊल मागे सरली. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, ती पुन्हा सरली. पश्मीला परक्याचा हात चालत नाही. ती चावत नाही, गुरगुरत नाही. ती फक्त नकार देते.

“दात बघायचे आहेत,” परीक्षक म्हणाले.

“मी दाखवते,” सुमती म्हणाली, आणि पदर सावरून तिने चपलेचा जबडा उघडला. परीक्षकांनी दुरूनच पाहिले आणि हसून लिहून घेतले. मधाच्या रंगाचा नर पहिला आला. पश्मींत चपला दुसरी आली, म्हणजे दोघांत दुसरी. बक्षीस म्हणून विलायती खाण्याची एक पिशवी मिळाली. चपलेने ती हुंगून मान फिरवली. पुढे ते खाणे मुनीरभाईंच्या कोंबड्यांनी आवडीने संपवले.

रिंगणाबाहेर सुमती थेट त्या बाईंपाशी गेली. “तुमचा फार देखणा आहे हो. कुठला?”

“आमच्या गावचाय. तुफान नाव त्याचं.” बाईंची नजर चपलेच्या कानांवर खिळली होती. “तुमची कुठली?”

“धानोऱ्याची.”

“कुठलं धानोरं? बालाघाटावरचं?”

“हो.”

“अगं बाई! माझंही तेच!”

त्या प्रभाबाई. टेलिफोन खात्यात नोकरीला, पती त्याच खात्यात, दोन मुली कॉलेजात. बौद्ध वस्तीतल्या, वस्ती गावाच्या पूर्वेला ओढ्यापलीकडे. सुमतीचे, म्हणजे कुलकर्ण्यांचे, घर पश्चिमेला. एकाच गावात दोघींची बालपणे सरली होती, आणि दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेही नव्हते. सुमती प्रभाबाईंहून दहाएक वर्षांनी मोठी, आणि तिचे लग्न लवकर झालेले, हे एक कारण. दुसरे कारण त्या ओढ्याचे होते. ते दोघींनाही ठाऊक होते.

पठारावर एक रीत आहे. नर आणि मादी एकत्र आणण्यापूर्वी दोन्हीकडच्यांनी आयांची ओळ म्हणायची. नर कोणत्याही गावचा येई, म्हणून बापाची ओळ कोणी ठेवीत नसे. आई घरात असे, तिला घरातल्या बायका भाकरी घालीत, म्हणून आयांची नावे त्यांच्याच तोंडी असत. मंडपाच्या कडेला, लाकडी खुर्च्यांवर बसून, भोवती शंभर कुत्रे भुंकत असताना सुमतीने आपली ओळ म्हटली. विवाहात गोत्र-प्रवर उच्चारतात तशी, डोळे मिटून.

“चपलेची आई रेवा. रेवाची आई बिजली. बिजलीची आई सोनखी. सोनखीची आई हरणी. हरणी माझ्या लग्नात एवढीशी होती. मांडवात सगळ्यांच्या पायांत.”

प्रभाबाईंनी आपली म्हटली. “तुफानची आई मैना. मैनेची आई टिकली. टिकलीची आई...” त्या थांबल्या. “टिकलीची आई हरणीच.”

“कुठली हरणी?”

“तुमचीच की. कुलकर्ण्यांची. मी लहान होते. तिनं एकदा पिल्लं आमच्या कडब्याच्या गंजीखाली घातली. तुमच्याकडची माणसं आली, टोपलीत घालून घेऊन गेली. एक तेवढं माझ्या वडलांकडं राहू दिलं. ती टिकली.” आणि मग किंचित हसून, “हरणीला काय ठाऊक, गाव कुठं संपतं नि वस्ती कुठं सुरू होते!”

सुमतीने प्रभाबाईंचा हात धरला. दोघींच्या डोळ्यांत पाणी होते. मुनीरभाईही चष्मा पुसत होते. आणि मी मात्र, शास्त्राध्ययनात आयुष्य घालवलेल्या माणसाचे मन जसे चालते त्याप्रमाणे, पिढ्या मोजत होतो. मातेकडून पाचव्या पिढीपर्यंत सपिंड संबंध धरला जातो. चपलेपासून मोजले तर हरणी नेमकी पाचवी. तुफानकडून त्याहूनही जवळ.

“यात एक अडचण आहे,” मी म्हणालो. “हे सपिंड होतात.”

“म्हणजे?” प्रभाबाई म्हणाल्या.

“म्हणजे एकाच मातृकुळातले. असा संबंध करू नये.”

“अहो गुरुजी, कुत्री आहेत ती!”

“पण आयांची ओळ म्हणायची ती याचसाठी ना? पठारावरची माणसेही एकच आई दोन्हीकडे आली तर जोडी लावत नसत.” हे खरेच होते. सुमतीने खाली पाहिले. तिच्या वडिलांनी याच कारणाने एक उत्तम नर परत पाठवल्याचे तिला आठवत असणार. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” तुफान आणि चपला तेवढ्यात एकमेकांच्या शेजारी बसले होते आणि दोघेही एकाच दिशेला पाहत होते.

मी विचार करायला दोन दिवस मागितले. प्रभाबाईंनी पत्ता दिला आणि जाताना म्हणाल्या, “करा विचार. पण तिचा काळ थांबणार नाही, गुरुजी.”

ते दोन दिवस मी पोथ्या काढून बसलो होतो. आपत्काळी धर्म सैल होतो, हे मला ठाऊक होते. पण कुत्रीचा वंश बुडणे हा आपत्काळ कोणाचा, तिचा की आमचा, हे ठरत नव्हते. मला चेष्टा करायची नव्हती. ज्या नियमांनी मी आयुष्यभर स्वतःला बांधून घेतले, ते प्राण्यांपाशी आले की केवळ सोयीचे होतात, असे मानायला मन धजत नव्हते. सुमती माझ्या समोरून ये-जा करी, ताट वाढी. चपला मात्र तिच्या पायापायांत घोटाळत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी अंगणात आलो. सुमती सुपात तांदूळ निवडत होती आणि भिंतीपलीकडे मुनीरभाई दात घासत होते. सुमतीने मान वर न करता विचारले, “अहो, एक विचारू? मी तुमची कोण?”

“म्हणजे काय? पत्नी.”

“त्याच्या आधी?”

भिंतीपलीकडचे दात घासणे थांबले.

“तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी,” ती म्हणाली, तांदळातला खडा बाजूला टाकीत. “पाचवी पिढी राहू दे. तिसरीतच आलो की आपण. तेव्हा कुठली पोथी काढली होती?”

“ते निराळे. त्याला देशाचार म्हणतात. आपल्या दक्षिणेकडच्या लोकांत मामाची मुलगी करण्याची परंपरा आहे, आणि शास्त्रकारांनी ती मान्य...”

वाक्य अर्धवट राहिले. ते कुठे जाऊन पोहोचते हे मला मध्येच दिसले होते. चपलाही दक्षिणेकडचीच होती.

मुनीरभाई भिंतीला धरून हसत होते, तोंडात फेस तसाच. “अरे पंडितजी! ये तो हमारे जैसाच हो गया! बेगम को भी हमारीच बिरादरी में लिख डालो!”

सुमती हसू दाबीत तांदूळ पाखडू लागली. मी आत गेलो, पोथ्या बांधून ठेवल्या, आणि बाहेर येऊन म्हणालो, “चांगला दिवस पाहतो.”

पंचांगात बुधवार उत्तम निघाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी प्रभाबाईंच्या कार्यालयात फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “गुरुजी, पंचांग तुमचं असेल. पण सुट्टी मला रविवारीच असते.” रविवारीच ठरले. पुढचे सगळे निसर्गाने आपल्याकडे घेतले, आणि तिथे आमच्यापैकी कोणाच्याही शास्त्राची आवश्यकता नव्हती.

मग वाट पाहण्याचे आठवडे. उन्हे तापू लागली, बोरे संपली, कैऱ्या आल्या. चपला जड झाली आणि तिचे ते दूरवर पाहणारे डोळे जवळचे काही पाहू लागले. सुमतीने माजघरातच तिच्यासाठी जुन्या लुगड्यांचे अंथरूण केले. प्रभाबाई दर रविवारी येत, येताना मेथीची जुडी किंवा ज्वारीचे पीठ आणीत, आणि दोघी चपलेच्या पोटावर हात ठेवून बसत. चपला प्रभाबाईंचा हात पहिल्यापासूनच लावून घेत असे. सुमतीला त्याचे आश्चर्य वाटे, प्रभाबाईंना मुळीच वाटत नसे.

वीण अवघड झाली. डॉक्टर दुपारभर होते. पाच पिल्लांपैकी दोन निर्जीवच आली. चपला निपचित पडली होती आणि सुमती तिचे मुख मांडीवर घेऊन बसली होती. तिला सोडून उठायला ती तयार नव्हती, म्हणून मीच सुमतीच्या तोंडाशी पाणी धरले. मी जपाला बसलो, पण माळेपेक्षा माझे लक्ष त्या धपापणाऱ्या बरगड्यांकडे होते. संध्याकाळी चपलेने मान उचलली आणि उरलेल्या तिघांना चाटू लागली. दोन नर, एक मादी.

एकच मादी. सुमतीला त्याचा अर्थ माझ्याआधी कळला. नराच्या मालकाने पहिले पिल्लू निवडायचे, हा पठारावरचा मान. आणि ओळ चालते ती आयांची.

पिल्ले दूध सोडण्याच्या बेतात आली तेव्हा प्रभाबाई नव्या साडीत आल्या. त्या जमिनीवर बसल्या. दोन्ही नर लुडबुडत त्यांच्या मांडीवर चढले. मादी दूर बसून त्यांच्याकडे पाहत होती. प्रभाबाईंनी तिच्याकडेच पाहिले.

“ही नेते,” त्या म्हणाल्या.

मला वाटले, सुमती विनवील. प्रभाबाईंच्या मनातही तेच असावे, कारण त्या हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या, “सुमाताई, तुमचा जीव कुठं अडकलाय ते मला दिसतं. पण माझ्या वडलांना टिकली मिळाली ती कुणी तरी राहू दिली म्हणून. ही मी मानानं नेतेय.”

“मानानंच न्या,” सुमती म्हणाली. ती आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, पिल्लाच्या कपाळाला बोट टेकवले, आणि त्याला उचलून प्रभाबाईंच्या पदरात घातले. दार लावल्यावर ती बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी होती.

चपला दोन दिवस लुगडी हुंगत फिरली. मग ती मुलांत रमली. सुमती रमली नाही. एका संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, लेक दिलीय. एकदा बघून तरी येऊ या.”

टेलिफोन खात्याच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर प्रभाबाईंचे घर. भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर, तिच्याखाली मोगऱ्याची ताजी फुले. पिल्लू धावत आले, सुमतीच्या पायांशी आपटले, आणि परत जाऊन प्रभाबाईंच्या मागे लपले. प्रभाबाईंनी चहा आणला. सुमतीला दिला, माझ्यापुढे कप धरला आणि तिथेच थांबल्या.

“गुरुजी, लेक दिलेल्या घरी बाप पाणी पीत नाही ना तुमच्यात?” आवाज चेष्टेचा होता. डोळे मात्र माझ्या हातांकडे होते.

“तशी रीत आहे,” मी म्हणालो. “लेकीला मूल होईपर्यंत.”

“म्हणजे आणखी दोनेक वर्षं. तोवर चहाचं काय होईल?”

“निवेल,” मी म्हणालो, आणि त्यांच्या हातातून कप घेऊन प्यायला लागलो. आल्याचा, अतिशय गोड चहा होता. मी साखर सोडून बरीच वर्षे झाली होती, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

प्रभाबाई खाली सुमतीशेजारी बसल्या. सुमतीने सहज विचारले, “ओढ्याकाठची ती मोठी चिंच आहे का अजून?” प्रभाबाई म्हणाल्या, “चिंच? ओढ्याकाठी कवठ होतं, ताई.” सुमती म्हणाली, “छे! चिंच. मी स्वतः पाडल्यात.” “तुमच्या काठाला असेल. आमच्या काठाला कवठच.” आणि मग दोघी तावातावाने ओढा मांडू लागल्या, कोणता उतार, कोणता खडक, कोणती पायवाट कुठे वळते. एकीने आपल्या काठावरून सांगावे, दुसरीने आपल्या काठावरून खोडावे, आणि मध्येच दोघींनी एकदम हसावे. वसंता घर विकून गेल्यापासून धानोऱ्यातल्या वाटांचे, झाडांचे नाव सुमतीच्या तोंडून मी ऐकले नव्हते. आता ती थांबत नव्हती. पिल्लू दोघींच्या पावलांवर आडवे होऊन झोपी गेले होते. माझ्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मी रिकामा कप हातात धरून बसून राहिलो. प्रभाबाईंनी बोलता बोलताच किटली ओढली, आणि सुमतीचे एक विधान खोडून काढीत, मला न विचारता, तो पुन्हा भरला.